पेन्सिलीत राहिलेलं गाव

गफूरभाईंच्या आजोबांची कबर मी चुकीच्या गावात शोधून दिली. चूक माझी, एकट्याची, आणि ती त्यांना सांगायला माझ्याकडे आठ महिने होते. आठ महिन्यांत मी मोतीबिंदू काढून घेतला, अंगणातला नळ दोनदा बदलला, पुतण्याच्या लग्नात आहेर मांडण्यावरून भांडलो आणि मिटवलंही. गफूरभाईंना सांगायचं तेवढं ठेवलं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनालयात आमचा कार्यक्रम असतो. तो आटोपला, की सतरंजी गुंडाळता गुंडाळता सांगायचं, असं आठ वेळा ठरवलं. आठही वेळा सतरंजी नीट गुंडाळली गेली. नववा रविवार यायचा होता, पण त्याआधी मंगळवार आला.

सकाळी वाचनालयाच्या अध्यक्षांचा फोन आला. गफूरभाईंच्या छातीत कळ आली, शेगावला नेत होते, वाटेतच संपले. अशा वेळी माणूस ‘अरेरे’ म्हणतो, खाली बसतो. मी म्हणालो, “पण मला त्यांना सांगायचं होतं.” अध्यक्ष म्हणाले, “काय?” मी म्हणालो, “काही नाही.” फोन ठेवला आणि शर्टाच्या खिशात हात घातला. कागद तिथंच होता. आठ महिने तो एका शर्टातून दुसऱ्यात जात होता. एकदा धुवायलाही गेला होता. बायकोनं तो दोरीवर चिमटा लावून वाळवला होता आणि विचारलं होतं, “एवढं काय हाय याच्यात?” तिलाही मी म्हणालो होतो, काही नाही.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. हा लेखसुद्धा मी तिसऱ्यांदा लिहितो आहे. पहिल्यांदा लिहिला तेव्हा त्यात गफूरभाई थोर होते आणि मी त्यांचा स्नेही होतो. दुसऱ्यांदा लिहिला तेव्हा मीच थोर झालो होतो, कसा कोण जाणे. दोन्ही फाडले. आता जसं घडलं तसं लिहितो.

गफूरभाई आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. संग्रामपूरहून एसटीनं वीस मिनिटांवर आमचं गाव, मागं सातपुडा, पुढं संत्र्याचे आणि कपाशीचे मळे. वाचनालय म्हणजे दोन खोल्या, एक लांब टेबल आणि पाणी गळतं म्हणून मधोमध सरकवून ठेवलेली पाच कपाटं. गफूरभाई पिंजाऱ्याच्या घरचे, म्हणजे कापूस पिंजून गाद्या-रजया भरणाऱ्यांच्या. सकाळी ते तेच काम करत, आणि चारला वाचनालय उघडत, तेव्हा त्यांच्या भुवयांत कापसाचा एखादा तंतू हमखास अडकलेला असे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून इतिहास शिकवून निवृत्त झालेला मास्तर, आणि वाचनालयाचा चिटणीस. म्हणजे सह्या माझ्या आणि काम त्यांचं.

पुस्तकं ते स्वतः बांधायचे. खळ घरी शिजवून आणायचे. दाभण, सुतळी, पुठ्ठा, आणि वर ब्राउन पेपर. आमच्या वाचनालयातलं फाटकं पुस्तक मूळच्यापेक्षा मजबूत होऊन परत येत असे. फक्त ते पूर्ण उघडत नसे, एवढंच. त्याबद्दल कुणी तक्रार केली तर म्हणायचे, “अर्धंच उघडलं तं काय झालं? एका डोयानं वाचा.”

वाचणारे कमी होत चालले होते. पेपर चाळणारी पाच-सहा म्हातारी माणसं आणि भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करणारी काही पोरं-पोरी, एवढीच वर्दळ. तेव्हा मी समितीच्या बैठकीत मोठ्या तोऱ्यात ‘आपले थोर पूर्वज’ अशी व्याख्यानमाला सुचवली. बाहेरून वक्ते आणले. ते दोन तास बोलले. ते बोलायला लागले तेव्हा खुर्च्या भरलेल्या होत्या, आणि संपले तेव्हा समोर मी होतो, गफूरभाई होते, आणि एक गृहस्थ होते ते झोपलेले होते. वक्त्यांना बसमध्ये बसवून परत येताना गफूरभाई म्हणाले, “गुरुजी, तुमी लोकायले दुसऱ्याचे बाप सांगून राह्यले. त्यायले त्यायचेच बाप विचारा ना.”

यातून आमचा रविवारचा कार्यक्रम निघाला. ‘आपलं घराणं आपण शोधू.’ कल्पना त्यांची, आणि फलक माझ्या अक्षरात. लोक यावेत म्हणून मी फलकाखाली माझ्या अकलेनं एक ओळ जोडली : ‘दाखल्यासाठी उपयुक्त.’ झालं. पहिल्याच रविवारी व्हरांड्यापर्यंत माणसं. प्रत्येकाच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स, दोन फोटो आणि चेहऱ्यावर ‘साहेब कोण?’ हा प्रश्न. आमच्याकडे आजा-पणजा शोधायचा म्हणजे जातीच्या दाखल्यासाठी किंवा शेताच्या वाटणीसाठी. नुसता कोण होता म्हणून कुणी शोधत नाही. मी घामाघूम होऊन कपाटामागं गेलो. गफूरभाई टेबलापाशी उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “कागद पाहिजे असन तं तहसीलात जा. मानूस पाहिजे असन तं बसा.” निम्मे गेले. निम्मे बसले. त्यातले एक वामनराव, भाजीचे मळेवाले, नंतर म्हणाले, “आपन तं उन्हाचं निघाव नाही म्हनून बसलो.” पण दुपारपर्यंत तेच वामनराव पणज्याचं नाव आठवेना म्हणून डोक्याला हात लावून बसले होते, आणि दुसऱ्या दिवशी मावशीला विचारायला जळगाव जामोदला जाऊन आले.

गफूरभाईंची पद्धत होती. प्रत्येक घराला ब्राउन पेपरचा एक ताव. खाली आज घरात असलेली माणसं, वर त्यांचे आई-बाप, त्यांच्या वर त्यांचे. बायकांची माहेरची नावं वेगळ्या चौकटीत. आणि हे सगळं पेन्सिलीनं. शाई लागायची ती दोन कागद जुळले तर. शाळेचं दाखल-खारीज, म्हणजे मुलांची नावं घालण्या-काढण्याचं रजिस्टर, आणि तहसीलातलं जुनं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या कोतवालानं जन्म-मृत्यू लिहून ठेवायची वही, असे दोन. कागद एकच असेल तर सोबत दोन म्हाताऱ्यांची साक्ष, आणि तीही दोन वेगळ्या घरांतली. मी एकदा विचारलं, एकाच घरातले दोघं का नाही चालत? म्हणाले, “एका घरचं खोटं एकच असते, गुरुजी. दोन घरचं खोटं जुयत नाही.”

तहसीलात जाऊन कोतवाल बुक कसं बघायचं, हेही ते शिकवत. आधी वहीचं कव्हर उतरवून घ्यायचं, गावाचं नाव आणि साल. मग पान, मग नोंद. “कव्हर पयले,” हे ते दर रविवारी इतक्या वेळा म्हणत, की वामनराव त्यांना मागं ‘कव्हरभाई’ म्हणायला लागले होते.

या पद्धतीचा पहिला बळी मीच. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, की आमचे पणजोबा सातपुड्यात वाघाशी झुंजताना गेले. मी शाळेत हे वर्षानुवर्षं पोरांना सांगितलं आहे, वाघाचा आवाज काढून. कार्यक्रमात उदाहरण म्हणून मीच माझा ताव पुढं केला. गफूरभाईंनी तहसीलातून नोंद उतरवून आणली आणि सगळ्यांसमोर न वाचता माझ्या हातात दिली. मला काय, मी मोठ्यानं वाचायला लागलो. नाव जुळलं, बापाचं नाव जुळलं, गाव जुळलं. मरणाचं कारण : हगवण. वाचनालयात त्या दिवशी जी हसण्याची लाट उठली, तशी कुठल्याच व्याख्यानाला उठली नव्हती. मी खाली बसलो. गफूरभाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “वाघ असन, गुरुजी. पोटात असन.”

त्यांच्या स्वतःच्या तावावर मात्र फार काही नव्हतं. ते, पत्नी बानूभाभी, दोन लेकी. वर वडील शेख करीम आणि आई. त्याच्या वर पेन्सिलीनं एक नाव, शेख इमाम, आणि मग कोरा कागद. वडील पोरके वाढले होते, त्यांचे वडील तापानं गेले तेव्हा ते रांगत होते. आईनं उचलून माहेरी आणलं. गाव कोणतं, तर ‘डोंगराखालचं’. डोंगराखाली आमच्याकडे किती गावं आहेत, ते बसच्या कंडक्टरलाही सांगता यायचं नाही. ईदच्या सकाळी नमाज झाली, की माणसं आपापल्या आज्या-पणज्यांच्या कबरींवर जातात. गफूरभाई वडिलांच्या कबरीपाशी उभे राहात, आणि मग निघताना कबरस्तानाच्या फाटकाशी थांबून बाकीच्यांसाठी हात उचलत. “फाटकातून टपाल टाकतो,” असं हसून म्हणत. सगळ्या गावाचे आजे शोधून देणारा माणूस, आणि स्वतःच्या आज्याला फाटकातून टपाल... माझ्या मनात ते बसलं. आणि माझ्या मनात एखादी गोष्ट बसली, की पुढं काय होतं, हे माझ्या बायकोला विचारा.

मी त्यांना न सांगता तहसीलात गेलो. चार-पाच खेपा झाल्या. एके दिवशी साडेपाच वाजायला आले होते, बाबू चष्मा डबीत घालत होता. त्याला म्हटलं, शेवटचा एक बस्ता सोड. बस्ता म्हणजे तांबड्या फडक्यात बांधलेल्या वह्यांचा गठ्ठा. वर चिठ्ठी होती, ‘धामणखेड’. मी पानं भराभर उलटली आणि सापडलं! शेख इमाम, पिंजारी, ताप, मागं बायको व तान्हा मुलगा करीम. पान उतरवलं, नोंद उतरवली. बाबू दिवा घालवून दाराशी उभा होता. कव्हर बघायचं राहिलं. कशाला बघायचं, वर चिठ्ठीवर धामणखेड लिहिलेलं होतंच की!

त्या रविवारी मी माइक लावला. एवढ्याशा खोलीत माइकची गरज नव्हती, पण मला होती. सगळ्यांसमोर नोंद वाचून दाखवली. गफूरभाई खळीचा ब्रश हातात धरून उभे होते. ते खाली बसले, चष्मा काढला, आणि हातात होतं त्याच फडक्यानं पुसला, त्यामुळे काचांना खळ लागली. बराच वेळ ते त्या खळ लागलेल्या काचांतून माझ्याकडे बघत होते. “पिंजारी लिहेल हाय?” “हो.” “अन करीम?” “हो.” मग हळूच म्हणाले, “कव्हर पाह्यलं का, गुरुजी?” मला राग आला. मी म्हणालो, “छत्तीस वर्षं हजेरीपट ठेवले मी, गफूरभाई. मला कव्हर काय विचारता?” ते लगेच म्हणाले, “नाही नाही, तसं नाही,” आणि विषय तिथंच मिटला. असं मला वाटलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही माझ्या स्कूटरवरून धामणखेडला गेलो. नाल्याकाठी छोटं कबरस्तान, बाभळी, आणि सात-आठ उंचवटे. गावातल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, इथं पिंजाऱ्याची कबर आहे का? त्यानं काठीनं एक ढिगारा दाखवला. “हे पिंजाऱ्याचीच म्हनतात. कोनी येत नाही तिच्यावर.” गफूरभाईंनी चपला काढल्या आणि हात उचलून फातिहा म्हणायला लागले. मला माझ्या हातांचं काय करावं कळेना. आधी जोडले, मग त्यांच्यासारखे उघडले, मग खिशात घातले, आणि एक पाऊल मागं सरकलो. म्हातारा ओरडला, “ओ मास्तर, कोनाच्या छातीवर उभे हा?” मी दुसऱ्याच कबरीवर उभा होतो. आता मागं वळून बघताना वाटतं, त्या दिवशी आम्ही दोघंही दुसऱ्याच कबरीवर उभे होतो. फक्त मी बूट घालून होतो.

पुढं दर ईदला हा नेम झाला. त्यांच्या घरी शीरखुर्मा, मग माझी स्कूटर, पिशवीत चुन्याची पुडी, ब्रश आणि सब्जाचं रोप. ते दगडांना चुना लावायचे, मी बाभळीखाली उभा राहून यजमानासारखा मिरवायचो. दर वेळी मी म्हणायचो, “गफूरभाई, तावावर धामणखेड शाईनं लिहा ना आता.” ते म्हणायचे, “हाव, लिहू ना. काय घाई हाय?” आजोबांच्या नावाला त्यांनी शाई लावली होती. गाव तेवढं पेन्सिलीतच होतं. एका ईदला त्यांच्या नखांत आदल्या दिवसाचा वाळलेला चुना दिसला. विचारलं, तर म्हणाले, “घरी काम काढलं होतं.” त्यांच्या घराच्या भिंतींना हिरवा ऑइलपेंट आहे. मी त्याच भिंतीला टेकून शीरखुर्मा पीत होतो. माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

कार्यक्रम वाढला. आसपासच्या वाचनालयांतून बोलावणी यायला लागली. लोणार तालुक्यात बीबी गावापर्यंत जाऊन आलो. तिथली बोली आमच्यापेक्षा वेगळी, पण आजीचं माहेरचं नाव विचारलं, की होणारी शांतता तीच. मग बुलढाण्याला ग्रंथपालांची बैठक होती, तिथं मला बोलायला सांगितलं. मी धामणखेडची गोष्ट सांगितली. बस्ता, चिठ्ठी, तान्हा करीम, नाल्याकाठची कबर. टाळ्या पडल्या. काही बाया डोळे पुसत होत्या. गफूरभाई शेवटच्या रांगेत बसून आपल्या टोपीची शिवण चाचपत होते. परतीच्या बसमध्ये म्हणाले, “चांगलं बोलले, गुरुजी.” थोड्या वेळानं म्हणाले, “कव्हरचंबी सांगत जा. लोकायच्या कामी पडन.”

आणि मग ते जाण्याच्या आठ महिने आधीची ती दुपार. वामनरावांसाठी एक नोंद हवी होती म्हणून तोच बस्ता पुन्हा सोडला. या वेळी घाई नव्हती. गठ्ठ्याच्या मध्यावर ब्राउन पेपरची एक पट्टी वर आलेली होती. मी सहज तिथं उघडलं. पट्टीच्या खाली दुसऱ्या वहीचं कव्हर होतं. अर्धं फाटलेलं, पण वाचता येत होतं : मोहखेड. दोन गावांच्या वह्या एका बस्त्यात होत्या. शेख इमाम त्या कव्हराच्या नंतर होते. म्हणजे ते मोहखेडचे. ते गाव धामणखेडपासून बरंच आत, नदीच्या पलीकडं. मी बाबूला म्हणालो, पट्टी चांगली घातलीस हो. तो म्हणाला, मी कशाला घालू? मी म्हणालो, मग आधीच्या कुणी घातली असेल. इतिहास शिकवलाय मी. पुरावा बघायची मला सवय आहे.

तो कागद मी नीट उतरवला, कव्हरासकट, आणि खिशात घातला. आणि पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका वाचनालयात मला धामणखेडची गोष्ट सांगायला लावली... आणि मी सांगितली. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहितो. माहीत असून सांगितली. टाळ्या घेतल्या. खिशातला कागद छातीला लागत होता. काय सांगणार होतो मी गफूरभाईंना? की तुम्ही दोन वर्षं परक्याच्या कबरीला चुना लावताय, आणि तुमचा आजा नदीपलीकडं तसाच पडून आहे? त्यांच्या लग्नातही नसेल, असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर त्या नाल्याकाठी पाहिला होता, असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मला त्यांच्या आनंदाची काळजी नव्हती. माइक परत द्यावा लागेल, याची होती.

दफनाला गेलो. तीन मुठी माती टाकली. या वेळी कुठं उभं राहायचं, हे आधी एकाला विचारून घेतलं. पुढं चाळीस दिवस वाचनालयात मी एकटा. चारला कुलूप उघडायचो आणि मग या कपाटापासून त्या कपाटापर्यंत फिरायचो. माणसं तावांबद्दल विचारायला यायची आणि मला एकाचं काही धड सांगता यायचं नाही. कोणता ताव कुठं, हे त्यांच्याच डोक्यात होतं. खळीचा डबा तसाच होता, वर साय धरलेली. शेवटी तावांची गुंडाळी काढून टेबलावर एकेक पसरला. साऱ्या गावाची घराणी. नावं शाईत, गावं शाईत, पेन्सिलीच्या खुणा खोडरबरानं साफ केलेल्या. शेवटचा ताव त्यांचा. शेख इमाम, शाईत. आणि बाजूला, पुसट, हात न टेकवता लिहिल्यासारखं, पेन्सिलीत : धामणखेड.

ताव घेतला, खिशातला कागद घेतला, पेन घेतलं, आणि चाळीसवा झाल्यावर दोन दिवसांनी बानूभाभींकडे गेलो. दारातच सुरू केलं, बसलोही नाही. सगळं सांगितलं. साडेपाच वाजल्याचं, बाबूनं दिवा घालवल्याचं, कव्हराचं, टाळ्यांचं, आठ रविवारांचं. भाभी गादीच्या खोळीला टाके घालत होत्या. त्यांनी सुई थांबवली नाही.

“बसा,” त्या म्हणाल्या. “त्यायले मालूम होतं.”

“काय मालूम होतं?”

“मोहखेड. तुमी माइकवर सांगतलं ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेले ते तहसीलात. कव्हर पाह्यलं नाही म्हने गुरुजीनं, रागावले म्हंजे नाहीच पाह्यलं. येऊन हसत होते. त्याच्यात कागदाची पट्टी लावून आले, दुसऱ्या कोनाची फसगत नको म्हने.”

मी खाली बसलो. ब्राउन पेपरची पट्टी... आख्ख्या तालुक्यात ब्राउन पेपर वापरणारा माणूस एकच, आणि मी बाबूला शाबासकी देत होतो.

“मग धामणखेडला माझ्याबरोबर का येत होते?”

“ईदच्या आदल्या दिवशी मोहखेडले जात एसटीनं. तठी दोन म्हाताऱ्यायले विचारून खरी कबर पाह्यली, दोन घरच्या. तिले चुना लावत. ईदीले तुमच्यासंगं धामनखेडले. मी म्हनलं, काऊन दोन दोन करता? तं म्हने, त्या पिंजाऱ्याचंबी कोनी नाही. सापडलाच हाय तं सोडू कसा?”

“पण मला सांगायचं ना, भाभी!”

आता त्यांनी सुई खोळीत खोचली आणि माझ्याकडे बघितलं. “तुमालेबी मालूम झालं होतं ना? खिशात कागद घेऊन फिरत होते तुमी. त्यायले दिसे. रविवारी घरी आले की म्हनत, आजबी नाही सांगतलं गुरुजीनं. मी म्हनो, तुमीच विचारा. तं म्हनत, नाही, घाबरतीन. सांगतीन ते, त्यायले थोडा टाइम लागते.”

बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली. आठ रविवार. सतरंजीचं एक टोक माझ्या हातात असायचं, आणि दुसरं त्यांच्या. गुंडाळत गुंडाळत आम्ही एकमेकांच्या अगदी जवळ यायचो. प्रत्येक वेळी ते क्षणभर थांबायचे. मला वाटायचं, दम लागतो म्हणून थांबतात.

मग मी ताव जमिनीवर पसरला. चार कोपऱ्यांवर भाभींनी मुकाट्यानं कात्री, दोऱ्याची रिळं आणि पानाचा डबा ठेवला. त्यांच्या खुंटीवर गफूरभाईंचा कोट होता, त्याच्या खिशात पेन्सिल आणि खोडरबर होतं. त्यातलं खोडरबर घेऊन मी धामणखेड पुसलं. सहज पुसलं गेलं. ते कधी दाबून लिहिलेलंच नव्हतं. पेनाचं टोपण काढलं. एक कागद होता, दोन घरच्या दोन म्हाताऱ्यांची साक्ष होती. त्यांच्याच नियमानं आता शाई लागायला हवी होती. निदान हे एक काम तरी मी नीट करणार होतो. निब कागदावर टेकवणार, तेवढ्यात भाभींनी माझं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं कोटाच्या खिशातली पेन्सिल काढून माझ्यासमोर ठेवली.

“लिहून कोन राह्यलं? तुमी ना?” त्या म्हणाल्या. “मंग पेन्सिलच घ्या.”